आलेखातील बिंदूंना नावे देताना नाव बिंदूलाच जोडलेले कसे ठेवावे?

बिंदुवेध (धागाकर्ता)

नमस्कार. स्प्रेडशीटमधील आलेखांविषयीचा एक प्रश्न बरेच दिवस मनात होता आणि गेल्या आठवड्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे तो येथे सविस्तर मांडावासा वाटला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. केप्लरचा तिसरा नियम समजावून सांगण्यासाठी मी एक्सेलमध्ये आठ ग्रहांचा स्कॅटर आलेख केला होता. आडव्या अक्षावर सूर्यापासूनचे सरासरी अंतर खगोलीय एककांत आणि उभ्या अक्षावर परिभ्रमणकाळ पृथ्वीच्या वर्षांत, अशी मांडणी होती: बुध ०.३९ आणि ०.२४, शुक्र ०.७२ आणि ०.६२, पृथ्वी १ आणि १, मंगळ १.५२ आणि १.८८, गुरू ५.२० आणि ११.८६, असे करत नेपच्यून ३०.१ आणि १६४.८. आलेख काढला की आठ ठिपके दिसतात, पण कोणता ठिपका कोणाचा हे कळत नाही. डेटा लेबल जोडले तर नावाऐवजी परिभ्रमणकाळाचा आकडा उमटतो. म्हणून मी आठ टेक्स्ट बॉक्स घेतले, प्रत्येकात एका ग्रहाचे नाव लिहिले आणि ते त्या त्या ठिपक्याजवळ नेऊन ठेवले.

पुढे एका विद्यार्थिनीने प्लूटोही दाखवावा अशी विनंती केली, तेव्हा तक्त्यात ३९.५ आणि २४८ अशी एक ओळ वाढवली. दोन्ही अक्षांची कमाल मर्यादा आपोआप वाढली, जुने सगळे ठिपके डावीकडे आणि खाली सरकले, नावे मात्र जिथल्या तिथे राहिली. त्यातही प्लूटोचा नवा ठिपका असा काही बसला की "नेपच्यून" हे नाव त्याच्या अगदी शेजारी आले. आलेख दिसायला व्यवस्थित होता, त्यामुळे मला काहीच खटकले नाही. वर्गात तो पडद्यावर दाखवला आणि त्याच विद्यार्थिनीने विचारले की पुस्तकात नेपच्यूनचा काळ सुमारे १६५ वर्षे दिला आहे, मग येथे तो अडीचशेच्या जवळ कसा? तिचे बरोबर होते.

नाव बिंदूलाच चिकटून राहील, तक्त्यातील आकडा बदलला की बिंदूबरोबर नावही हलेल, अशी सोय कशी करावी? आणि बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे इतके जवळजवळ येतात की त्यांची नावे एकमेकांवर चढतात, त्यावर काही उपाय आहे का?


तक्तेवाली

आपण टेक्स्ट बॉक्स वापरला, तेथेच अडचणीचे मूळ आहे. आलेख निवडून मग टेक्स्ट बॉक्स घातला तर तो आलेखाचा भाग होतो आणि आलेख हलवला की तोही हलतो, त्यामुळे तो बिंदूशी जोडला गेला आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्याला फक्त आलेखाच्या चौकटीतील आपली जागा ठाऊक असते. बिंदू कोठे आहे हे त्याला कधीच कळत नाही.

एक्सेल २०१३ पासून यासाठी थेट सोय आहे. ठिपक्यांवर एकदा क्लिक करून पूर्ण मालिका निवडावी, उजव्या क्लिकच्या यादीतून "ॲड डेटा लेबल्स" घ्यावे, मग उमटलेल्या लेबलांपैकी कोणत्याही एकावर क्लिक करून कंट्रोल आणि १ या कळा दाबाव्यात. उजवीकडे उघडणाऱ्या पट्टीत "लेबल ऑप्शन्स"खाली "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स" असा पर्याय दिसेल. त्यावर खूण केली की रेंज विचारली जाते. तेथे ग्रहांच्या नावांचे सेल निवडावेत आणि "वाय व्हॅल्यू"वरची खूण काढून टाकावी. आता प्रत्येक लेबल तक्त्यातील सेलमधून मजकूर घेते आणि आपल्या बिंदूसोबत राहते.

येथे दोन चुका वारंवार होतात. रेंज निवडताना "ग्रह" ही शीर्षकाची ओळही निवडली गेली, तर बुधाच्या ठिपक्यावर "ग्रह" उमटते, शुक्राच्या ठिपक्यावर "बुध", आणि पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात. पहिल्या ठिपक्याकडे नीट पाहिले तर हे लक्षात येते, पण शेकडो बिंदूंच्या गर्दीत ते दडून राहते. दुसरी चूक म्हणजे नावे एका शीटवर आणि आकडे दुसऱ्या शीटवर ठेवणे. एका शीटवरील ओळींचा क्रम बदलला आणि दुसरीकडचा तसाच राहिला, तर एक्सेल कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तिसऱ्या बिंदूला तिसरा सेल मिळालेला असतो. नाव आणि आकडा नेहमी एकाच ओळीत ठेवावेत. मग तक्ता कसाही लावला तरी जोडी तुटत नाही.


जुनीवही

वरील उत्तर नेमके आहे. त्याला जुन्या आवृत्त्यांची थोडी जोड देतो, कारण अनेक ठिकाणी जुन्या फाइली अजून वापरात आहेत आणि त्या उघडल्यावर गोंधळ होतो.

२०१३ पूर्वीही नाव बिंदूला जोडता येत असे, पण एकेक करून. लेबलांवर एकदा क्लिक केले की सगळी लेबले निवडली जातात, त्यातल्या एकावर पुन्हा क्लिक केले की ते एकटे निवडले जाते. मग सूत्रपट्टीत बरोबरचे चिन्ह टाइप करायचे, नावाच्या सेलवर क्लिक करायचे आणि एंटर दाबायचे. लेबल त्या सेलला जोडले जाते आणि सेलमधील मजकूर बदलला की लेबलही बदलते. या जोडणीत फक्त एका सेलचा संदर्भ चालतो, फंक्शन चालत नाही. त्यामुळे दोन गोष्टी जोडून दाखवायच्या असतील तर आधी एखाद्या मोकळ्या सेलमध्ये तो मजकूर सूत्राने तयार करून ठेवावा लागतो. आठ ग्रहांसाठी हे पुरते, पण दोनशे बिंदूंसाठी हात दुखून येतात. म्हणूनच त्या काळात रॉब बोव्ही यांचे "एक्सवाय चार्ट लेबलर" हे ॲड-इन फार वापरले जाई. कित्येकांनी व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आतील प्रोग्रॅमिंग भाषेत, छोटी मॅक्रो लिहून प्रत्येक बिंदूच्या लेबलात नाव भरले. अशा मॅक्रोने साधा मजकूर भरलेला असेल तर तो सेलशी जोडलेला नसतो आणि तक्ता बदलल्यावर मॅक्रो पुन्हा चालवावी लागते, हे विसरू नये. जुन्या फाइलमधील नावे चुकलेली दिसली की मी सर्वप्रथम हीच शंका तपासतो.

"व्हॅल्यू फ्रॉम सेल्स" वापरलेली फाइल एक्सेल २०१० किंवा त्याआधीच्या आवृत्तीत उघडली तर नावांच्या जागी चौकटी कंसात "सेलरेंज" हा इंग्रजी शब्द प्रत्येक बिंदूवर दिसतो. फाइल बिघडलेली नसते, त्या आवृत्तीला ही सोय ठाऊक नसते इतकेच. ज्याला फाइल पाठवायची त्याच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर आलेख चित्र म्हणून पाठवणे बरे.

गूगल शीट्समध्येही काम सोपे आहे: आलेखाच्या संपादकात "सेटअप"मध्ये मालिकेच्या नावाशेजारी तीन टिंबे असतात, तेथे "ॲड लेबल्स" निवडून नावांची रेंज द्यावी.

आणखी एक युक्ती जवळजवळ कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते. प्रत्येक बिंदूची स्वतंत्र मालिका करावी, मालिकेला ग्रहाचे नाव द्यावे आणि लेबलात "सिरीज नेम" दाखवावे. बिंदू दहाबारा असतील तोवर हा मार्ग उत्तम आहे, आणि प्रत्येक ग्रहाला वेगळा रंग द्यायचा असेल तर तोच सोयीचा.


बिंदुवेध

दोघांचेही मनापासून आभार. तक्तेवाली यांनी सांगितल्याप्रमाणे केले आणि पहिल्याच प्रयत्नात नावे आली. खात्री करण्यासाठी मंगळाचे अंतर मुद्दाम १.५२ ऐवजी १५ लिहून पाहिले. ठिपका उजवीकडे गेला आणि त्याच्यासोबत "मंगळ" हे नावही गेले.

पहिल्या चार ग्रहांची नावे मात्र डाव्या कोपऱ्यात एकमेकांवर लिहिली गेली आहेत आणि एकही वाचता येत नाही. अक्षरांचा आकार लहान करून पाहिला, त्याने काही साधले नाही.


नकाशेवाला

मी अनेक वर्षे नकाशे तयार करण्याचे काम करत आहे आणि आपला दुसरा प्रश्न आमच्या क्षेत्रातील अत्यंत जुना प्रश्न आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नकाशावर शेकडो गावांचे ठिपके असतात आणि प्रत्येकाचे नाव असे लिहायचे असते की ते दुसऱ्या नावावर येऊ नये आणि कोणत्या ठिपक्याचे आहे याविषयी संशय राहू नये. एदुआर्ट इम्होफ या स्विस नकाशाकाराने नावे कोठे लिहावीत याचे नियम विचारपूर्वक मांडले. त्यांचा त्याविषयीचा लेख इंग्रजीत १९७५ साली प्रसिद्ध झाला. ठिपक्याच्या उजवीकडे किंचित वर ही नावासाठी सर्वांत चांगली जागा, हा त्यांतील एक नियम आजही पाळला जातो. ती जागा मोकळी नसेल तेव्हाच दुसरी शोधायची. सर्व नावांना अशी जागा संगणकाने शोधून द्यावी हे ऐकायला सोपे वाटते, पण हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-हार्ड प्रकारचा आहे हे १९९०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले. म्हणजे बिंदू वाढत गेले की सर्वोत्तम मांडणी खात्रीने आणि झटपट शोधणारी पद्धत कोणालाही माहीत नाही. आर या संगणकभाषेतील जीजीरिपेल यांसारखी साधने नावांना एकमेकांपासून ढकलून चांगली, कामापुरती मांडणी करतात. एक्सेल स्कॅटर आलेखात तेवढेही करत नाही. नावे एकमेकांवर आली तर तशीच राहू देते.

पण आपल्या आलेखात दोष नावांचा नाही, अक्षाचा आहे. हिशोब करून पाहा. आडवा अक्ष ० ते ४५ असा आहे आणि बुधापासून मंगळापर्यंतचे चारही ग्रह ०.३९ ते १.५२ या पट्ट्यात आहेत. आलेख १५ सेंटीमीटर रुंद धरला तर या चौघांच्या वाट्याला ४ मिलिमीटरांहून कमी जागा येते. त्यात चार ठिपकेच कसेबसे मावतात, तेथे चार नावे कशी मावतील? अक्षरे कितीही लहान केली तरी हे गणित बदलणार नाही. आता दोन्ही अक्ष लॉगरिदमिक, म्हणजे प्रत्येक दसपटीला सारखीच जागा देणारे, करा: अक्षावर दोनदा क्लिक करून "लॉगरिदमिक स्केल"वर खूण करावी, आडव्या अक्षाची किमान मर्यादा ०.१ आणि कमाल १०० द्यावी, उभ्या अक्षाची ०.१ आणि १०००. त्याच १५ सेंटीमीटरांत आता प्रत्येक दसपटीला ५ सेंटीमीटर मिळतात आणि बुध ते मंगळ हे अंतर जवळजवळ ३ सेंटीमीटर होते. नावे सुटी होतील. शिवाय आपल्या विषयाच्या दृष्टीने यात मोठा लाभ आहे: काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे लॉगरिदमिक अक्षांवर सगळे ग्रह एका सरळ रेषेवर येतात आणि त्या रेषेचा चढ १.५ असतो. केप्लरने १६१९ साली प्रसिद्ध केलेला नियम विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल.

नावे एकमेकांवर आली की मी आधी हेच तपासतो की आकडे ज्या अक्षावर मांडले आहेत तो अक्ष त्यांना शोभतो का. पुष्कळदा तेथेच उत्तर सापडते.

अक्ष बदलूनही काही नावे अडखळत असतील तर दोन मार्ग आहेत. पहिला, ते एक लेबल निवडून हाताने ओढणे. लेबल बिंदूपासून दूर नेले की एक्सेल २०१३ आणि पुढच्या आवृत्त्यांत दोघांमध्ये बारीक जोडरेषा काढता येते, त्यासाठी "शो लीडर लाइन्स"वर खूण असावी लागते. हाताने ओढलेले लेबलही बिंदूलाच बांधलेले राहते, टेक्स्ट बॉक्ससारखे सुटत नाही. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण त्यात मांडणीचा निर्णयही तक्त्यात लिहिलेला राहतो. नावाशेजारी "दिशा" असा एक कॉलम करावा आणि त्यात प्रत्येक बिंदूसाठी वर, खाली, डावे किंवा उजवे असे लिहावे. मग चार मदतीचे कॉलम करावेत. "वर"च्या कॉलममधील सूत्र असे की दिशा "वर" असेल तर बिंदूची उभी किंमत द्यावी, नाहीतर एनए (NA) फंक्शन, म्हणजे तेथे ठिपका काढला जात नाही. अशाच रीतीने बाकीचे तीन. या चार मालिका मूळ आलेखात घालाव्यात, त्यांचे ठिपके अदृश्य करावेत, चौघींनाही नावांची तीच रेंज द्यावी आणि प्रत्येकीच्या लेबलांची जागा त्या त्या दिशेची ठेवावी. पुढे कधी एखादे नाव अडू लागले तर आलेखाला हात न लावता दिशेच्या कॉलममधील एक शब्द बदलला की झाले.


कुतूहल

धागा वाचून माझीही अडचण मांडतो, ती याच्याशी जुळती आहे. माझ्याकडे दर महिन्याच्या मोजणीचा एक रेषालेख आहे. रेषेच्या शेवटच्या बिंदूवर मालिकेचे नाव आणि ताजा आकडा दिसावा, आणि मधल्या काही महिन्यांवर "मोजणीची पद्धत बदलली", "उपकरण बंद होते" अशा छोट्या नोंदी असाव्यात, असे मला हवे आहे. शेवटच्या बिंदूला मी हाताने लेबल दिले होते, पण पुढच्या महिन्याचा आकडा भरल्यावर ते जुन्याच बिंदूवर राहिले. रिकाम्या अवतरणांचे सूत्र वापरून मदतीचा कॉलम केला, तर रेषा प्रत्येक महिन्यात शून्यावर जाऊन आदळू लागली.


तक्तेवाली

आपल्या दोन अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत.

एकट्या बिंदूला दिलेले लेबल त्या बिंदूच्या क्रमांकाला दिलेले असते. चोविसाव्या बिंदूला लेबल दिले तर पंचविसावा महिना आल्यावरही ते चोविसाव्यावरच राहणार. "शेवटचा" हा अर्थ एक्सेलला सांगितलेलाच नसतो. तो सूत्राने सांगावा लागतो. मदतीच्या कॉलममध्ये असे सूत्र लिहावे: या ओळीत आकडा आहे आणि त्याखालचा सेल रिकामा आहे, तर आकडा द्यावा, नाहीतर एनए फंक्शन. ही मालिका आलेखात घालून तिला लेबल द्यावे. नवा महिना भरला की जुन्या ओळीत एनए येते, नव्या ओळीत आकडा येतो आणि लेबल आपोआप पुढे जाते. एक्सेलमध्ये तक्त्याला कंट्रोल आणि टी दाबून टेबल केलेले असेल तर नवी ओळ आलेखातही आपोआप येते.

रेषा शून्यावर आदळण्याचे कारण रिकामी अवतरणे हेच आहे. सूत्राने दिलेली रिकामी अवतरणे आपल्याला रिकामी दिसतात, पण एक्सेलच्या लेखी तो मजकूर असतो आणि रेषालेखात मजकुराची किंमत शून्य धरली जाते. एनए फंक्शनने येणारी त्रुटी सेलमध्ये दिसायला वाईट असली तरी रेषालेखात आणि स्कॅटर आलेखात तिच्यासाठी ठिपका काढला जात नाही. सेलमध्ये ती डोळ्यांना खुपत असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगने तिचा रंग फिका करावा, सूत्र बदलू नये. स्कॅटर आलेखात तर याहून मोठा धोका आहे: आडव्या किमतींच्या रेंजमध्ये एक जरी सेल मजकुराचा असला तरी एक्सेल त्या सगळ्याच किमती सोडून देते आणि १, २, ३ असे क्रमांक वापरते. आलेख निघतो, ठिपकेही दिसतात, पण त्यांच्या जागांना काही अर्थ उरत नाही.

नोंदींसाठी मात्र एवढा खटाटोप लागत नाही. आकड्याशेजारी "नोंद" नावाचा कॉलम करावा, ज्या महिन्यांविषयी काही सांगायचे आहे तेवढ्याच ओळींत लिहावे आणि मूळ मालिकेलाच "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स"ने तो कॉलम द्यावा. रिकाम्या सेलसाठी लेबलात काही दिसत नाही. या कॉलममध्ये सूत्राने आलेली रिकामी अवतरणेही चालतात, कारण येथे त्यांच्यापासून बिंदू काढायचा नसून केवळ मजकूर घ्यायचा असतो. सर्वोच्च आकड्याला नोंद हवी असेल तर अट अशी लिहावी की सेलची किंमत संपूर्ण रेंजच्या कमाल किमतीइतकी असेल तर मजकूर द्यावा. रेंजच्या संदर्भात डॉलरचे चिन्ह घालायला विसरू नये. नाहीतर सूत्र खाली ओढताना रेंजही खाली सरकते आणि दोनतीन भलत्याच महिन्यांना "सर्वोच्च" ही पदवी मिळते.

"उपकरण बंद होते" यासारख्या नोंदीला रेषेपासून खाली अक्षापर्यंत उभी रेघ हवी असेल, तर नोंद असलेल्या महिन्यांपुरती वेगळी मालिका करून तिला उभ्या त्रुटिरेषा, म्हणजे एरर बार, द्याव्यात: दिशा "मायनस" आणि प्रमाण १०० टक्के. रेघ बिंदूपासून शून्यापर्यंत उतरते.


आकडेमोड

मी थोडा वेगळा विचार मांडू इच्छितो. येथे सर्वांनी नोंदी मोजक्याच ठेवण्याकडे कल दाखवला आहे. माझ्या कामात अहवाल वाचणाऱ्यांना नेमके आकडे लागतात, आणि आलेख एका पानावर व तक्ता दुसऱ्या पानावर असेल तर त्यांना सारखी पाने उलटावी लागतात. त्यामुळे मी प्रत्येक बिंदूवर आकडा लिहितो. शार्ल मिनार यांनी १८६९ साली नेपोलियनच्या रशियावरील मोहिमेचा जो प्रसिद्ध नकाशालेख काढला, त्यातही सैन्याच्या पट्ट्यावर जागोजागी सैनिकांची संख्या लिहिलेली आहे. आकडे लिहिल्याने आलेख बिघडतोच असे नाही.


जुनीवही

मिनार यांचे उदाहरण योग्य आहे आणि नेमके आकडे लागणाऱ्या वाचकाची गरजही खरी आहे. मात्र त्यांनी संख्या पट्ट्यावर लिहिली ती पट्ट्याची रुंदी जेथे बदलते त्या टप्प्यांशी सांगड घालून. वाचक जेथे थांबून "आता किती उरले?" असे विचारेल, तेथे उत्तर आहे. ३६ महिन्यांच्या रेषेवर ३६ आकडे लिहिले तर रेषेचा चढउतार आकड्यांच्या गर्दीखाली झाकला जातो, आणि तो चढउतार दाखवण्यासाठीच तर आपण तक्त्याऐवजी आलेख काढलेला असतो. सगळे आकडे हवेतच असतील तर आलेखाच्या लगेच खाली, त्याच पानावर, तक्ता द्यावा. पाने उलटण्याचा त्रासही वाचतो. आठदहा स्तंभांचा स्तंभालेख असेल तर प्रत्येक स्तंभावर आकडा लिहायला माझीही हरकत नाही, उलट तेव्हा उभा अक्षच काढून टाकता येतो.

मधला मार्गही आहे. लेबलांच्या नंबर फॉरमॅटमध्ये अट घालता येते. [<१००]"";० असे लिहिले (अंक इंग्रजी कळफलकावरचे) तर १००पेक्षा लहान आकडे लपतात आणि बाकीचे दिसतात. एका फॉरमॅटमध्ये अशा दोनच अटी बसतात, पण बहुतेक वेळा तेवढ्या पुरतात.

रेषांना नावे देण्याविषयी मात्र माझे मत ठाम आहे. दोनतीन रेषांच्या आलेखात बाजूची निर्देशिका, म्हणजे लेजंड, काढून टाकावी आणि रेषेच्या टोकालाच तिचे नाव लिहावे. वाचकाला रंग लक्षात ठेवून डोळे निर्देशिकेकडे आणि परत रेषेकडे न्यावे लागतात, आणि ज्यांना रंगांतील फरक नीट दिसत नाही त्यांना तर ते जमतच नाही. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली इंग्लंडच्या डेन्मार्क व नॉर्वेशी चाललेल्या व्यापाराचा आलेख प्रसिद्ध केला, त्यात आयातीची आणि निर्यातीची रेषा कोणती हे त्या त्या रेषेच्या कडेनेच लिहिलेले आहे. या प्रकारचे आलेख नुकते जन्माला येत होते तेव्हापासून ही रीत आहे, आणि सॉफ्टवेअरने आपोआप निर्देशिका देऊ केल्यामुळे ती मागे पडली याचे मला वाईट वाटते.


आकडेमोड

अट घातलेला नंबर फॉरमॅट मला माहीत नव्हता. माझ्या अहवालात ठरावीक मर्यादेवरचे आकडेच महत्त्वाचे असतात, त्यामुळे त्याचा तत्काळ उपयोग होईल. तक्ता आलेखाखाली देण्याची सूचनाही पटली. मात्र स्तंभालेखांत मी सगळे आकडे लिहीत राहीन.


लिपिकार

देवनागरी मजकुराच्या लेबलांविषयी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण इंग्रजीतील मार्गदर्शनात त्या सापडत नाहीत.

देवनागरी अक्षरांना शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून त्याच आकाराच्या रोमन अक्षरांपेक्षा त्यांना उभी जागा जास्त लागते. दोन ओळींचे लेबल असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अशा वेळी अक्षरे लहान करण्यापेक्षा मजकूर एका ओळीत बसेल इतका आखूड करावा. दोन ओळी हव्याच असतील तर सूत्रात कॅर (CHAR) फंक्शनला १० हा अंक देऊन ओळ तोडावी, म्हणजे कोठे तुटावे हे आपल्या हाती राहते. तिरकी किंवा उभी फिरवलेली देवनागरी लेबले वाचायला फारच कष्ट पडतात. त्याऐवजी आडव्या स्तंभांचा आलेख घेतला तर लांब नावेही सरळ लिहिता येतात.

नाव आणि आकडा एकाच लेबलात हवा असेल तर सेलमध्ये अँड चिन्हाने दोन्ही जोडतात. जोडताना आकड्याचे फॉरमॅट गळून पडते आणि १२.३ टक्क्यांच्या जागी ०.१२३४५६७ असे काहीतरी उमटते. आकडा टेक्स्ट फंक्शनमधून घेऊन त्यालाच हवे ते फॉरमॅट द्यावे. लेबलात आकडे देवनागरीत हवे असतील तर एक्सेलच्या नंबर फॉरमॅटच्या आरंभी चौकटी कंसात डॉलर, वजाचे चिन्ह आणि ४०००४३९ हा संकेत लिहावा (इंग्रजी अंकांत). मूळ आकडा आकडाच राहतो, फक्त दिसतो देवनागरीत. सेलमध्ये देवनागरी अंक मजकूर म्हणून टाइप करण्याची चूक करू नये, नाहीतर तक्तेवाली यांनी सांगितलेला १, २, ३ चा घोटाळा होऊ शकतो.

लेबलाचा रंग रेषेच्याच रंगाचा ठेवला की जोडी चटकन लागते, पण फिका पिवळा किंवा फिका हिरवा मजकूर पांढऱ्यावर वाचता येत नाही. वेबवरील सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या मानकांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे असे म्हटले आहे. रेषेचा रंग फिका असेल तर लेबलासाठी त्याच रंगाची गडद छटा घ्यावी.


बिंदुवेध

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचून आज आलेख नव्याने केला. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक केले, नावे सेलमधून घेतली, लेबले बिंदूच्या उजवीकडे ठेवली आणि निर्देशिका काढून टाकली. नकाशेवाला यांनी सांगितल्याप्रमाणे बुध ते प्लूटो सगळे ठिपके एका रेषेवर आले आणि एकही नाव दुसऱ्यावर आले नाही, त्यामुळे दिशेच्या कॉलमची गरज पडली नाही. परिभ्रमणकाळाचे आकडे लेबलांत न देता आलेखाखाली तक्ता दिला आहे.

वर्गात हा आलेख दाखवण्यापूर्वी एक परीक्षा घेतली. तक्त्यात मंगळ आणि गुरू यांच्या मधे एक नवी ओळ घातली आणि त्यात सेरेस, २.७७ आणि ४.६० असे लिहिले. आलेखाला हात लावला नव्हता. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, त्याच सरळ रेषेवर, एक नवा ठिपका उमटला आणि त्याच्या उजवीकडे "सेरेस" असे लिहिलेले होते. ज्या विद्यार्थिनीने माझी चूक दाखवली होती तिला उद्या हा तक्ताच देणार आहे, म्हणजे पुढचा ठिपका तिला स्वतः घालता येईल.